शेर, पायली, मण : गावच्या संग्रहालयातील मापांच्या प्रदर्शनाची तयारी

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या न्यासाचे छोटे संग्रहालय आहे. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरील दोन दालने, पुढची पडवी, माडीवर साठ्याची खोली आणि पगारावर असलेला एकच मदतनीस, एवढाच आमचा पसारा. बाकीचे आम्ही सगळे आपापले उद्योग सांभाळून जमेल तसा वेळ देणारे. संग्रहात मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, नाणी, दिवे, अडकित्ते, कुलपे आहेत, आणि ज्यांच्याकडे पाहुणा आजवर क्वचितच वळून पाहत असे अशी धान्य मोजण्याची व तोलण्याची मापे आहेत. पुढचे प्रदर्शन या मापांचेच करावे, असा ठराव विश्वस्तांच्या बैठकीत झाला आहे.

दोन निठव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक ज्यांनी शाळेत घोकले ती पिढी आता थकली आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि शेर-छटाक दुकानांतून हद्दपार झाले. पायली मात्र आमच्या भागात अजून बोलण्यात आहे आणि जमीन तर आपण आजही गुंठ्यांतच मोजतो. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम उरकावे, असे वाटते.

प्रश्न पुष्कळ आहेत, पण तूर्त तीन मांडतो. प्रदर्शन १८ मे या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाला उघडावे, की १९ ते २५ नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहात? आमच्याकडे नसलेली मापे गावातील घरांतून तात्पुरती मागून आणायची आहेत, त्याचे कागदपत्र कसे असावेत? आणि पाट्यांवर काय लिहावे? ‘पायली म्हणजे किती लिटर’ असे प्रत्येक जण विचारणार, आणि आमच्याकडच्या दोन पायल्यासुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत.

जुना_अभिरक्षक

विषय उत्तम आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची सारी पुण्याई अशाच रोजच्या वापरातील वस्तूंवर उभी आहे. दिवे, अडकित्ते, कुलपे, स्वयंपाकघरातील भांडी यांना कुणी संग्रहालयाची वस्तू मानत नव्हते तेव्हा एका माणसाने ती हौसेने गोळा केली. त्या संग्रहातील थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो आणि बाकीचा साठ्यात असतो, हेही लक्षात घ्या. साठा नीट असेल तरच नवे प्रदर्शन उभे राहते.

म्हणून तारीख ठरवण्याआधी आपली दाखल नोंदवही उघडा. प्रत्येक मापासमोर क्रमांक, वस्तू कोणाकडून आली, दान की खरेदी, केव्हा, कशाची केली आहे, उंची व तोंडाचा व्यास, सध्याची अवस्था आणि ती आज नेमकी कोठे आहे, एवढ्या गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते तपासा. आपल्याकडील कित्येक छोट्या संग्रहालयांत ही वही संस्थापकांच्या हयातीपुरतीच भरलेली आढळते. ते गेले की वस्तू कोणत्या घरातून आली हे सांगणारे कुणी उरत नाही, आणि मग पाटीवर लिहायला ‘पितळी माप’ एवढेच शिल्लक राहते.

क्रमांक देताना वर्ष, त्या वर्षीचे दान आणि त्या दानातील वस्तू असा तीन टप्प्यांचा क्रमांक सोयीचा पडतो. २०२४.१२.३ म्हणजे २०२४ साली आलेल्या बाराव्या दानातील तिसरी वस्तू. धातूवर किंवा गुळगुळीत लाकडावर तो थेट लिहू नये. ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा बोटाच्या पेराएवढा पट्टा आधी द्यावा, तो वाळला की त्यावर बारीक निबेने काळ्या शाईत क्रमांक घालावा आणि वरून पुन्हा एक हात द्यावा. असा क्रमांक पुढे कुणाला काढायचा झाला तर वस्तूला इजा न होता निघतो. जागा निवडताना मापाची बूड किंवा मागची बाजू निवडा आणि शिक्क्याच्या जवळपासही जाऊ नका, कारण निरीक्षकाने माप तपासून मारलेला शिक्का हाच अनेकदा त्या मापाचा एकमेव जन्मदाखला असतो.

तारखेविषयी म्हणाल तर नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी संपलेली असते, शाळा भरलेल्या असतात आणि हवा कोरडी झालेली असते.

खाडीपलीकडे

अभिरक्षक साहेबांचा मान राखून तारखेबाबत थोडे वेगळे मत मांडतो. आमचे संग्रहालय रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि वर्षातील सर्वाधिक माणसे आमच्याकडे मे महिन्यात येतात, कारण मुंबईकर चाकरमानी तेव्हा गावी असतात. आपल्याकडे घाटावरही चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात आणि पुण्या-मुंबईला गेलेली माणसे त्या निमित्ताने घरी येतात. मापे ज्यांच्या माळ्यावर पडली आहेत ती हीच घरे, आणि माळ्याची किल्ली ज्याच्याकडे असते तो भाऊ बहुधा शहरात असतो. त्यामुळे मे महिना वस्तू गोळा करायला आणि सप्ताह उघडायला, असे दोन्ही हंगाम वापरता येतील.

सातारा जिल्ह्यातील औंधचे श्रीभवानी संग्रहालय याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते यमाईच्या डोंगरावर, देवळाच्या वाटेवर उभे केले. देवीच्या दर्शनाला चढणारा भाविक वाटेत संग्रहालयात डोकावतो आणि राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या माता-बालकाच्या शिल्पापर्यंत सारे पाहून जातो. माणसे जिथे आधीच येतात तिथे आपण असावे, हे पंतप्रतिनिधींना ठाऊक होते. आपल्या गावच्या यात्रेला पडवीत दोन टेबले मांडा, चार मापे ठेवा आणि ‘तुमच्याकडे याहून वेगळे माप आहे का’ एवढी एकच पाटी लावा. वस्तू आणि माणसे दोन्ही सापडतील.

एक सूचना कोष्टकाविषयी. आपण दिलेले कोष्टक घाटावरचे आहे. कोकणात आणि गोव्यात मध्ये कुडव येतो आणि वीस कुडवांची खंडी होते. मणसुद्धा कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा पायल्यांचा. भिंतीवर एकच कोष्टक मोठ्या अक्षरांत रंगवलेत तर पहिल्याच दिवशी वाद होईल आणि वाद घालणारा बरोबर असेल.

काळा_कोट

घरांतून वस्तू आणण्याबाबत लिहितो, कारण चांगल्या हेतूने केलेली कामे याच ठिकाणी कोर्टाची पायरी चढतात.

पहिली गोष्ट म्हणजे दान आणि उसने यांची पावती एकाच नमुन्यात करू नका. दानासाठी दानपत्र, त्यावर देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि न्यासाचा स्वीकृतीचा ठराव हवा. तात्पुरत्या वस्तूसाठी स्वतंत्र पावती दोन प्रतींत करावी आणि तीत वस्तूचे वर्णन, आणतेवेळची छायाचित्रे, आधीच असलेली मोडतोड, परतीची तारीख, ने-आण कोणी करायची, प्रदर्शनात मालकाचे नाव लिहायचे की नाही, छायाचित्र छापायला परवानगी आहे की नाही आणि वस्तूला इजा झाली तर काय, हे सारे लिहावे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने वाघनखे महाराष्ट्राला दिली तीही ठरावीक मुदतीच्या करारावर, तीन वर्षांसाठी. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली तेव्हा आपल्या जिल्ह्यातील प्रत्येकाला ‘उसनी वस्तू’ म्हणजे काय ते कळले आहे. तोच दाखला गावात द्या, पावतीवर सही करायला कुणी कां-कूं करणार नाही.

दुसरी गोष्ट भाऊबंदकीची. आजोबांची पायली थोरल्याने हौसेने आणून द्यायची आणि धाकट्याने प्रदर्शनात ती पाहून ‘आम्हाला न विचारता दिलीच कशी’ म्हणून भांडण काढायचे, हा प्रकार नवा नाही. सामाईक वस्तू असेल तर सर्व हिस्सेदारांची संमती पावतीवर घ्या आणि वस्तू परत कोणाच्या हाती द्यायची त्याचे नाव आधीच लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी त्याखाली सक्तीची आहे. मापांना बहुधा त्याची झळ लागणार नाही, परंतु एकदा गावात दवंडी पिटली की लोक मापांबरोबर देवाच्या मूर्ती आणि शेतात सापडलेली नाणीही घेऊन येतात. जमिनीतून निघालेल्या धनासाठी १८७८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. अशी वस्तू ‘ठेवून तर घेऊ, मग बघू’ म्हणून ताब्यात घेऊ नका. आणणाऱ्याला आदराने बसवा, चहा पाजा आणि तहसील कार्यालयाची वाट दाखवा.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. काळा कोट यांनी सांगितलेला धाकट्या भावाचा प्रकार आमच्या एका विश्वस्तांच्याच घरातला असावा, इतका तो तंतोतंत आहे.

यात्रेच्या वेळी पडवीत टेबल मांडायचे आणि प्रदर्शन नोव्हेंबरात उघडायचे, असे बहुमताने ठरले आहे. नोंदवहीचे काम सुरू केले असून जुन्या वहीतील नोंदी आणि कपाटातील वस्तू यांचा ताळा घेतो आहोत. वहीत आहे पण कपाटात नाही आणि कपाटात आहे पण वहीत नाही, अशा दोन याद्या वेगळ्या होत आहेत. दुसरी यादी पहिलीपेक्षा मोठी आहे, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

आता मांडणीविषयी. घरांतून येणारी मापे सरळ दालनात न्यावीत का? पितळी मापे काळवंडलेली आहेत, ती चिंचेने घासून घ्यावीत असा मदतनीसांचा आग्रह आहे. आणि मापांसोबत बलुत्याच्या हिशेबाचे दोन-तीन मोडी कागद मांडण्याचा विचार आहे.

कागदकाळजी

कृपा करून चिंच, राख, रांगोळी किंवा बाजारातील कोणतीही पावडर पितळेला लावू नका. घासण्याने धातूचा वरचा थर जातो आणि त्याबरोबर शिक्क्याचे उठावही जातात. प्रदर्शनाच्या दिवशी माप सोन्यासारखे चकाकेल, मात्र त्यावरचे साल पुन्हा कुणाला वाचता येणार नाही. मऊ ब्रशने धूळ झाडावी, कोरड्या सुती कापडाने पुसावे आणि हातमोजे घालून हाताळावे, कारण बोटांच्या घामाचे ठसे पितळेवर महिन्याभरात उमटतात. हिरवट भुकटी सुटत असेल तर ती वस्तू वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत अशा कामाचे प्रशिक्षण मिळते. आपल्या मदतनीसांना एखाद्या कार्यशाळेला धाडता आले तर दालन रंगवण्याच्या खर्चापेक्षा तो खर्च अधिक कारणी लागेल.

घरातून आलेले लाकडी माप दालनात नेण्याआधी काही आठवडे वेगळ्या खोलीत, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पांढऱ्या कागदावर ठेवा. एका ठिकाणी असेच ठेवलेले शेराचे माप मी पाहिले होते. वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्या मापाच्या बुडाची फळी आणि लोखंडी पट्टी यांच्या फटीत जुन्या ज्वारीचे दाणे अडकलेले होते आणि आठवड्याभरात खालच्या कागदावर टोके (धान्यातले किडे) फिरू लागले. पिशवी नसती तर ते शेजारच्या कपाटातून थेट पोथ्यांच्या लाकडी फळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नसता. कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर लाकूड पोखरणारी कीड जिवंत आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ओतीव लोखंडी वजने उलटी करून पाहा. अनेकांच्या तळाशी खळगा असतो आणि त्यात शिसे ओतलेले असते, कारण वजन कमी-जास्त करून बरोबर आणण्याची ती जागा. नव्या प्लायवूडमधून, गोंदातून आणि ताज्या पॉलिशमधून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा या शिशाला सर्वांत आधी खातात आणि त्यावर पांढरी भुकटी धरते. कपाटे उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात सुताराकडून आणून लगेच भरू नयेत. महिनाभर उघडी ठेवून वास पूर्ण गेल्यावरच वस्तू आत ठेवाव्यात.

मोडी कागदांबाबत माझा सल्ला असा की मूळ कागद न मांडता त्यांच्या उत्तम रंगीत प्रती मांडाव्यात. मूळ मांडायचेच असतील तर प्रकाश पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) वर नको, दिवा कपाटाच्या आत नको, खिडकीचे ऊन नको आणि एक कागद तीन महिन्यांहून अधिक काळ नको. टाचणी, सेलोटेप आणि लॅमिनेशन यांचे नावही काढू नका. आपल्याकडचे लाल रुमाल पाण्याने भिजले तर रंग सोडतात आणि तो कागदात उतरतो, तेव्हा नवे बासन बांधताना बिनरंगी मांजरपाट घ्या आणि तो आधी धुऊन खळ काढून टाका, कारण खळ हे कसरीचे, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्याचे, खाद्य आहे.

फळा_खडू

माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, म्हणून मुलांच्या बाजूने दोन शब्द.

काचेमागचे माप पाहून मुलांना काहीही कळत नाही. माप भरावे लागते, त्यावर हात फिरवून शीग (काठाच्या वर आलेली रास) पाडावी लागते, तेव्हा शिगेचे आणि सपाट भरलेले माप यांतला फरक कळतो आणि मग ‘मापात पाप’ ही म्हण शिकवावी लागत नाही. कुंभाराकडून किंवा पत्र्याच्या कारागिराकडून नव्या प्रतिकृती करून घ्या, पोतेभर ज्वारी ठेवा आणि मुलांना मोजू द्या. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत, हे सांगून तशीच मोजणी करून घ्या. एका कोपऱ्यात लग्नघराचा उंबरठा उभारून तांदळाचे माप ठेवले, तर घरोघरच्या सुनांना माप ओलांडून घरात आल्याची आठवण होईल आणि त्या आपणहून बोलू लागतील. तोळा, मासा, गुंजेसाठी सराफाचा छोटा तराजू आणि खऱ्या गुंजा मिळाल्या तर सोन्याहून पिवळे, मात्र गुंजेचे बी विषारी असते, ते बंद बरणीतच ठेवावे.

कागदकाळजी

गुरुजींची कल्पना मनापासून आवडली, परंतु ज्वारी दालनात नको. आत्ताच टोक्यांविषयी लिहिले आहे. धान्याच्या मागोमाग उंदीरही येतात आणि ते रुमाल कुरतडतात. हा सगळा खेळ पडवीत किंवा अंगणात ठेवा, धान्य रोज संध्याकाळी बंद डब्यात भरून बाहेर न्या, आणि उंबरठ्यावरील तांदूळही त्याच नियमात बसवा.

फळा_खडू

पडवी मान्य आहे. मुले तशीही दालनात गप्प बसत नाहीत.

यॉर्कशायरहून

मी मूळची कराडची. इथल्या एका लहान गावच्या संग्रहालयात शनिवारी स्वयंसेवक म्हणून काम करते. इंग्लंडमधील अशी कित्येक छोटी संग्रहालये निवृत्त शिक्षक आणि गृहिणी चालवतात, त्यामुळे आपल्या अडचणी अगदी घरच्या वाटल्या.

इथे ‘स्पेक्ट्रम’ नावाची कार्यपद्धती सर्वत्र पाळली जाते. वस्तू आत घेणे, ताब्यात घेणे, उसनी घेणे, तिची जागा बदलणे, ती बाहेर देणे अशा प्रत्येक हालचालीसाठी तीत किमान काय लिहून ठेवावे ते सांगितलेले आहे, आणि त्यांतील नऊ पद्धती पायाभूत मानल्या जातात. त्यांतली जागेची नोंद मला सर्वांत उपयोगी वाटते. कपाटातून माप उचलले की त्या रिकाम्या जागी क्रमांक, तारीख आणि ‘दालन १, मधले कपाट’ असे लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. प्रदर्शनाच्या धावपळीत वस्तू चोरीला जातात त्याहून कितीतरी अधिक वेळा त्या चुकीच्या जागी ठेवल्या जातात आणि मग वर्षभर ‘हरवलेल्या’ राहतात. यासाठी संगणकही लागत नाही. पुढे संगणकावर जायचेच असेल तर पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेली ‘जतन’ प्रणाली आपल्याकडच्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत वापरात आहे. पण वही नीट नसताना संगणक आणला तर गोंधळ फक्त वेगाने होतो.

दुसरे, म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करताना त्यांच्या हातात माप द्या. नुसते ‘जुन्या काळी कसे होते’ विचारले की सगळे सारखेच बोलतात. मापटे हातात घेतल्यावर मात्र ते कोणत्या कोनाड्यात असे, कोणी भरून देत असे आणि शेजारणीला उसने पीठ देताना कसे दाबून भरत, हे आपोआप निघते.

कृष्णाकाठ

एक कटकटीचा विषय राहिला आहे तो उद्घाटनाचा. विश्वस्तांची इच्छा दालनातच दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन आणि मापांना हळदकुंकू अशी आहे. मागे एका कार्यक्रमात पाहुण्यांना यायला इतका उशीर झाला की शाळेची मुले उन्हात ताटकळून परत गेली. पुन्हा तसे नको आहे. शिवाय ‘लिटर किती’ हा पाटीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

खाडीपलीकडे

समई अंगणात लावा, फीत दालनाच्या दाराला बांधा. आम्ही वर्षानुवर्षे असेच करतो आणि कुणाचा मान कमी झालेला नाही. तेलाची समई, कापूर, उदबत्ती आणि फुलांचे हार यांतले काहीही दालनात नेत नाही, कारण धूर कपड्यांवर आणि चित्रांवर बसतो आणि फुलांतून किडे येतात. हळदकुंकू प्रतिकृतीला लावा. प्रमुख पाहुणा म्हणून राजकीय व्यक्ती बोलावणारच असाल तर मुलांची फेरी सकाळी आणि समारंभ सायंकाळी, अशी दोन वेगळी निमंत्रणे काढा. तसे तर कोष्टक तोंडपाठ असलेल्या एखाद्या आजींच्या हस्तेच उद्घाटन करा आणि पुढाऱ्यांना आजींचा सत्कार करायला सांगा. फोटो दोघांनाही मिळतो.

जुना_अभिरक्षक

लिटरचा प्रश्न असा सोडवा. प्रत्येक माप प्रत्यक्ष मोजा. लाकडी किंवा लोखंडी मापात पाणी ओतायचे नाही. कोरडी, निवडलेली मोहरी घ्यायची, आतून स्वच्छ पातळ कापड घालून माप काठोकाठ सपाट भरायचे आणि ती मोहरी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतून आकडा टिपायचा. असे तीन वेळा करून सरासरी घ्यावी. शाळेच्या प्रयोगशाळेतील मोजपात्र चालेल, आणि हे काम गुरुजींच्या नववीच्या वर्गाने केले तर आणखी उत्तम. मग पाटीवर ‘पायली म्हणजे अमुक लिटर’ न लिहिता ‘या पायलीत अमुक लिटर मोहरी मावते’ असे लिहा. दोन पायल्या जुळत नसतील तर त्या शेजारी शेजारी मांडा. निरनिराळ्या गावांची मापे निरनिराळी होती, व्यापाऱ्याचे आणि शेतकऱ्याचे भांडण त्यावरूनच होत असे आणि म्हणूनच सरकारला शिक्के मारावे लागले, ही सारी कथा त्या दोन पायल्यांत आहे. तोलाच्या शेराची गोष्ट वेगळी. ऐंशी तोळ्यांचा सरकारी शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, तेव्हा मापाचा शेर आणि तोलाचा शेर यांची गल्लत होणार नाही अशी मांडणी करा.

आपल्या पाटीचा एखादा मसुदा इथे टाका, म्हणजे सर्वांना पाहता येईल.

कृष्णाकाठ

एक मसुदा देतो. ‘पायली. शिवकालीन. शिसवी लाकूड, लोखंडी पट्ट्या. पाटील घराण्याच्या वापरातील हे माप धान्याची रास मोजण्यासाठी वापरले जाई. तीत सुमारे अमुक लिटर मोहरी मावते.’

जुना_अभिरक्षक

‘शिवकालीन’ कशावरून? घरातल्या माणसांनी सांगितले असेल तर तसेच लिहा: ‘घराण्यातील सांगण्यानुसार अतिशय जुने’. वाघनखांचेच पाहा. ती महाराजांनी वापरलेलीच होत हे पडताळता आलेले नाही, असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतःहून सांगितले, आणि तरीही साताऱ्यात ती पाहायला लोक आले. पट्ट्यांचे खिळे यंत्राने केलेले आहेत की हाताने घडवलेले, हे पाहून घ्या. यंत्राचे असतील तर निदान त्या पट्ट्या तरी एकोणिसाव्या शतकाच्या आधीच्या नाहीत. लाकूड शिसवीच आहे का, हे गावातील जुन्या सुताराला दाखवल्याशिवाय लिहू नका.

काळा_कोट

आणि ‘पाटील घराण्याच्या’ हे शब्द छापण्यापूर्वी पावतीवरील नावाच्या रकान्यात त्यांनी ‘होय’ लिहिले आहे ना, तेवढे पाहा. माप सामाईक असेल तर सर्वांचे.

कृष्णाकाठ

खिळे आजच पाहिले. वरच्या पट्टीचे हाताने घडवलेले दिसतात, खालच्या पट्टीचे गोल डोक्याचे, एकसारखे आहेत. म्हणजे खालची पट्टी मागाहून बसवलेली असावी. सुतारकाका सोमवारी येणार आहेत. ‘शिवकालीन’ काढला आहे आणि सुधारलेली पाटी मापन झाल्यावर इथेच टाकतो. पावतीवर थोरल्या दोघांच्या सह्या आहेत, धाकटे पुण्याहून यात्रेला येतील तेव्हा त्यांची घेऊ. तोवर ते माप साठ्याच्या खोलीतच, पिशवीत राहील.